फुकटचा वकील आणि आमचे साहेब

मा. संपादकसाहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबलंय, कात्री लावायची असेल तर मधनं कुठंही लावा पण शेवटी जे मागणं मांडलंय तेवढं राहू द्या ही विनंती.

आपल्या कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन 17 ऑगस्ट 2025 ला झालं, 18 पासनं कामकाज सुरू झालं आणि तेव्हापासनं तुमच्या पेपरात रोज काही ना काही येतंय. सीपीआर हॉस्पिटलसमोर पार्किंगचा घोळ, आसपासच्या गाळ्यांचे भाव, लॉजवाल्यांची चलती, कुणी कुठं ऑफिस घेतलं, कुठल्या हॉटेलात वकिलांची गर्दी. वाचतो मी सगळं, घरी बसून दुसरं काम तरी काय आहे. पण एवढ्या बातम्यांत ज्याच्या खिशात एसटीचं तिकीट काढायला पैसे नाहीत त्यानं या हायकोर्टात यायचं कसं आणि त्याच्या बाजूनं उभं कोण राहणार, हे काही वाचायला मिळालं नाही. माझ्या नजरेतनं सुटलं असेल तर माफ करा.

मी कोण ते सांगतो. 31 वर्षं एका वकिलाकडं क्लार्क होतो, जुनी माणसं कारकून म्हणतात ते. अर्ज टाईप करून आणायचे, तिकिटं लावायची, नकलांसाठी खेटे घालायचे, बोर्ड बघायचा आणि पुकारा होईपर्यंत पक्षकाराला चहा पाजून धीर द्यायचा. साहेबांचं नाव लिहीत नाही, त्यांना खपणार नाही. आता ऐंशीच्या पुढं आहेत, कोट खुंटीला लावून बरीच वर्षं झाली. सुरुवातीला जमिनीच्या केसेस बक्कळ होत्या, कुळकायदा, वाटणी, बांधावरची भांडणं, त्यावर घर चालायचं. पण साहेबांनी लीगल एडच्या, म्हणजे सरकारी खर्चानं गरिबांना वकील देतात त्या, पॅनेलवर नाव दिलं आणि हळूहळू ऑफिसात पैसेवाले पक्षकार कमी आणि बाकीचेच जास्त दिसायला लागले. कुणी काकवीचा डबा आणायचं, कुणी शेवग्याच्या शेंगा, एकानं तर कोंबडा आणून टेबलाच्या पायाला बांधला आणि साहेब कोर्टात होते तेवढ्यात त्या कोंबड्यानं एका वाटणीच्या दाव्याच्या कागदावर जे करायचं ते केलं. तो दावा पुन्हा टाईप करायला मीच गेलो, सांगायचा मुद्दा तो नाही.

मुद्दा असा की लोकांच्या डोक्यात फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील हे पक्कं बसलंय. एक बाई पोटगीसाठी आली होती, पदरात दोन पोरं. आमच्याकडं यायच्या आधी तिनं कुणा मध्यस्थाला कानातलं गहाण ठेवून पैसे दिलेले. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की बाईमाणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो आणि त्यासाठी तिचं उत्पन्न कुणी विचारत पण नाही. साहेबांनी वकीलपत्र घेतलं, फी नको म्हणाले, तर ही बाई दुसऱ्या दिवशी पदराच्या गाठीतनं पाचशेची नोट सोडून पुढं धरते, म्हणते, साहेब एवढे तरी घ्या, न्हाईतर तुम्ही मनापासनं भांडणार न्हाई. साहेबांनी नोट घेतली, तिच्यासमोर पावती फाडायला लावली आणि ती गेल्यावर मला म्हणाले, जा, तिच्या पोरीच्या नावानं पोस्टात भर. पुढं पोटगी मंजूर झाली. वसूल करायला आणखी दोन वर्षं गेली ते वेगळंच.

खोटं कशाला बोलू, कच्चे पण असतात. मिळालेल्या केसची फाईल न उघडता तारीख मागणारे मी डोळ्यांनी बघितलेत. मानधनात पेट्रोल निघालं तरी नशीब अशी गत असली की नवीन पोरगं तरी किती दिवस टिकणार? आता 2022 पासनं लीगल एडमध्ये पूर्णवेळ पगारी वकील नेमायची पद्धत आली आहे, ते खाजगी केसेस घेत नाहीत, फौजदारीत गरिबांच्याच बाजूनं उभं राहायचं. चांगलं पाऊल आहे. पण पगारी ठेवला म्हणून लॉकअपच्या दारात रात्री दहाला जाऊन उभा राहील असं नाही, त्याला आतनंच काहीतरी लागतं.

लॉकअपवरनं आठवलं म्हणून सांगतो, हे सांगायलाच खरं तर पत्र लिहायला बसलोय. एका विमुक्त जातीचा माणूस, पालात राहणारा, कोल्हापूरजवळच्या एका गावात चोरी झाली आणि याला उचलला. का? तर तिथनं अर्ध्या मैलावर पाल होतं. कुठलं ठाणं ते लिहीत नाही. कायद्यानं 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभा करायला पाहिजे, घटनेचं कलम 22 आहे, तिथं तिसरा दिवस उजाडला होता. बायको तान्हं पोर काखेत घेऊन आमच्या जिन्याखाली बसलेली, वर यायला पण भीत होती. साहेब आणि मी लुनावर बसून ठाण्यात गेलो तर उत्तर मिळालं, असा कुणी आणलाच नाही. आणि आतनं त्या माणसाचा खोकण्याचा आवाज येतोय! साहेबांनी आवाज चढवला नाही. बाहेर बाकड्यावर बसून मला अर्ज सांगितला, मी हातानं लिहिला, तारीख वेळ घालून, आणि तसाच मॅजिस्ट्रेटकडं नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस कोर्टात हजर, अटक मात्र आदल्या संध्याकाळची दाखवलेली.

जामीन झाला. मला वाटलं संपलं. तर कसलं काय, जामीनदार पाहिजे आणि जामीनदाराला सातबारा पाहिजे. ज्याच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर गुंठा नाही त्यानं सातबारावाला कुठनं आणायचा हो? ऑर्डर हातात असून माणूस पुढं पाच महिने कळंबा जेलमध्ये. अर्जावर अर्ज करून शेवटी जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सुटला. तोपर्यंत पाल उठलेलं, बायको नातेवाईकांकडं लांब गेलेली, तिला शोधायला पण साहेबांनी माणूस पाठवला.

हे काही आमच्या एकट्याच्या नशिबाला आलं नव्हतं. 1979 साली सुप्रीम कोर्टात हुसैनारा खातून केस झाली, बिहारच्या जेलमधले कच्चे कैदी, कित्येक जण गुन्ह्याला जेवढी शिक्षा असते त्याच्यापेक्षा जास्त दिवस नुसते खटला सुरू व्हायची वाट बघत आत पडलेले. पेपरात बातम्या आल्या (पेपरात, संपादकसाहेब, हे लक्षात घ्या!) आणि त्या बातम्या घेऊन कपिला हिंगोराणी या बाई कोर्टात गेल्या. त्यातनं हजारो सुटले, आणि गरीब आरोपीला वकील देणं ही सरकारची मेहेरबानी नव्हे तर त्याचा हक्क आहे हे कोर्टानं लिहून दिलं. त्याच्या आदल्या साली, 1978 ला, आपल्याच महाराष्ट्रातल्या होसकोट केसमध्ये न्या. कृष्णा अय्यर यांनी सांगितलं होतं की अपील करायचं असेल तर निकालाची नक्कल कैद्याला जेलमध्ये फुकट मिळाली पाहिजे आणि वकील पण. आणि जामीन होऊन पण आत अडकलेल्यांसाठी 2023 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की ऑर्डर झाल्यापासनं सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल सुपरिटेंडेंटनी विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे लीगल एडवाल्यांच्याच, सेक्रेटरीला कळवायचं. आमच्या त्या पालवाल्याच्या वेळी हे असतं तर पाच महिने वाचले असते. नवीन कायद्यात, म्हणजे 1 जुलै 2024 पासनं लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 479 प्रमाणं आधी कुठल्याच गुन्ह्यात शिक्षा न झालेला कच्चा कैदी जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश मुदत आत राहिला की त्याला सोडायचं आहे, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून. पण हे जेलमधल्या माणसाला सांगणार कोण? भिंतीवरचा बोर्ड त्याला वाचता येत नाही.

आता मूळ दुखणं. त्यालाच का उचलला? इंग्रजांनी 1871 साली कायदा केला, गुन्हेगार जमाती कायदा. आख्खी जातच जन्मानं गुन्हेगार म्हणून रजिस्टरला लावायची. चौकीत हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वसवलेले, तो भाग आज पण सेटलमेंट म्हणूनच ओळखतात. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाल्यावर, 31 ऑगस्ट 1952 ला, हा कायदा गेला आणि हे लोक विमुक्त झाले. कागदावरनं गेला, ठाण्यातनं नाही. आणि गंमत बघा, अट्रॉसिटीचा कायदा 1989 चा, तो अनुसूचित जाती आणि जमातींसाठी. जो विमुक्त त्या दोन्ही याद्यांत बसत नाही त्याला तो लागत नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा 1955 चा, तो अस्पृश्यतेपुरता. म्हणजे ज्याला जन्मतःच चोर ठरवलं त्याच्यासाठी वेगळा कायदा नाहीच, वकिलानं घटनेची कलमं 14, 21, 22 (समानता, जगण्याचं स्वातंत्र्य, अटकेतले हक्क) घेऊनच भांडायचं.

आमच्या कोल्हापुरात मात्र हजेरीचा जाच शाहू महाराजांनी 1918 लाच काढला होता. देशाच्या कितीतरी आधी. फासेपारध्यांना हाताला काम दिलं, भरवसा ठेवला. आणि मला त्याहून मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे महाराजांनी अस्पृश्य समाजातल्या शिकलेल्या माणसांना वकिलीच्या सनदा दिल्या. 1902 च्या 50 टक्के राखीव जागा सगळ्यांना पाठ आहेत, 1920 ची माणगाव परिषद पाठ आहे, सनदांचं कुणी फारसं बोलत नाही. मला कारकुनाला त्यातलं एवढंच कळतं की आपल्यातला माणूस काळ्या कोटात बघितला की पक्षकाराची मान जरा वर होते, हे मी जिन्यावर उभा राहून 31 वर्षं बघितलंय. बाबासाहेब तर स्वतःच बॅरिस्टर. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 चा, त्याचा कोर्टातला शेवट झाला 1937 ला हायकोर्टात. पाण्याची ओंजळ भरायला एक दिवस आणि कोर्टातनं कायम करायला दहा वर्षं! आमच्या पोटगीवाल्या बाईला साहेब हेच उदाहरण द्यायचे, तिला काय कळायचं देव जाणे, पण मान डोलवायची.

आता जरा आडवळण घेतो. माझी पुतणी अमेरिकेत आहे, तिकडं वकिलीच शिकली. मागं आली तेव्हा साहेबांना भेटवायला नेली. ती म्हणाली, माझ्या ऑफिसातल्या सीनियर बाईंनी आख्खं करिअर सिव्हिल राइट्स आणि इंडियन लॉमध्ये काढलं. साहेब खूश! म्हणाले, अरे वा, तिकडं बसून आपला कायदा चालवतात? घरजागेचे दावे की काय? पुतणी हसून हसून लाल. इंडियन म्हणजे आपण नव्हे हो, तिथले मूळ रहिवासी, नवाहो, सू, पोंका वगैरे. त्यांच्या जमिनी, पाणी, करार, पोरांचा ताबा या सगळ्याचा तिकडं एक स्वतंत्र कायदा आहे आणि त्याला इंडियन लॉ म्हणतात. कोलंबसाची चूक अजून कोर्टाच्या बोर्डावर चालू आहे असं साहेब म्हणाले.

पण नंतर दोघं जे बसले ते तीन तास. तिनं सांगितलं की तिकडच्या सरकारनं या जमातींशी करार करणंच बंद केलं, कायदा करून, कधी तर 1871 साली. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. तेच साल! इकडं इंग्रज आमच्या माणसांना रजिस्टरला लावत होते आणि तिकडं ते म्हणत होते की यापुढं तुमच्याशी बरोबरीनं करार नाही. नंतर तिनं स्टँडिंग बेअरची गोष्ट सांगितली. पोंका जमातीचा म्होरक्या, सरकारनं त्यांना गाव सोडायला लावून लांब हाकललेलं, तिथं त्याचा मुलगा वारला. मरताना मुलानं मागितलं होतं की मला आपल्या मातीत पुरा. म्हणून हा बाप थोडी माणसं घेऊन भर थंडीत मुलाची हाडं घेऊन चालत निघाला आणि परवानगी नसताना जागा सोडली म्हणून लष्करानं धरला. आमच्या हजेरीसारखंच की! तिथं वेबस्टर आणि पॉपलटन या दोन वकिलांनी एक पैसा न घेता त्याची केस चालवली. सरकार म्हणत होतं इंडियन हा कायद्याच्या नजरेत माणूसच नाही, त्यामुळं त्याला कोर्टात यायचा हक्क नाही. 1879 च्या मे महिन्यात ओमाहाच्या न्यायाधीशानं निकाल दिला की आहे, तो माणूस आहे, आणि सोडून दिला. आणि त्यातला पॉपलटन म्हणजे रेल्वे कंपनीचा मोठा वकील, फीला काय कमी होती का त्याला. नागरिकत्व मात्र तिकडच्या सगळ्या मूळ रहिवाशांना मिळायला 1924 उजाडलं.

साहेब त्या रात्री जेवले नाहीत असं वहिनींनी नंतर सांगितलं. मला फोन करून म्हणाले, तो खोकणारा माणूस आठवतो का रे तुला. हो म्हणालो. त्यावर काही न बोलता फोन ठेवला.

आता बेंचकडं येतो. बेंच व्हायच्या आधी काय होतं ते आजच्या पोरांना सांगून पटणार नाही. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघायचं, जनरल डब्यात पक्षकार आणि मी दाराजवळ, सकाळी मुंबईत स्टेशनवरच तोंड धुवायचं, कोर्टात जाऊन बघितलं तर आपला नंबर बोर्डावर लांब खाली, संध्याकाळपर्यंत पुकारा नाही, पुढची तारीख. एका तारखेत गरीब माणसाची आठवड्याची मजुरी आणि उसने घेतलेले हजार रुपये जायचे. सावंतवाडीचा माणूस असला तर विचारूच नका. आता कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम इथं चालतं. वकिलांनी यासाठी कित्येक वर्षं आंदोलनं केली, काम बंद ठेवलं, त्या बंदमध्ये आमचे पण पक्षकार अडकले आणि मी तेव्हा वकिलांवर चिडायचो, आज कबूल करतो की ते बरोबर होते. पण हायकोर्ट जवळ आलं म्हणजे हायकोर्टाचा वकील स्वस्त झाला असं नाही ना? उलट बाहेरनं मोठी नावं यायला लागली की फी वरच जाणार. मग जेलमधल्या कच्च्या कैद्याचं जामिनाचं अपील, पालावरच्या बाईची रिट, हे कोण नेणार? हायकोर्टात पण फुकट वकील मिळायची सोय कायद्यात आहे, 1987 चा कायदा आहे, 1995 च्या नोव्हेंबरपासनं लागू आहे. माहिती असणारी माणसं विचारा किती आहेत ते. आमच्या गल्लीत मी विचारलं, सतरा घरांत दोघांना माहीत होतं आणि त्यातला एक मी.

तर मागणं असं आहे. तुमच्या पेपरात कोर्टाच्या बातम्यांचं पान असतं, त्यात रोज, रोज म्हणतोय, एक छोटी चौकट टाका. 15100 हा फुकट नंबर आहे विधी सेवेचा, तो मोठ्या टायपात. खाली लिहा की बाई असो, लहान पोर असो, अनुसूचित जाती-जमातीचा असो, अपंग असो, उद्योगातला कामगार असो, पुरात-भूकंपात सापडलेला असो, किंवा कुणीही असो पण कोठडीत असो, त्याला वकील फुकट आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आणि यात न बसणाऱ्याला आपल्या राज्यात वर्षाला तीन लाखाच्या आत उत्पन्न असलं तरी मिळतो. 2019 चा पूर आणि 2021 चा पूर बघितलेल्या कोल्हापूरकराला, शिरोळकराला निदान एवढं तरी कळायला पाहिजे की पूरग्रस्त म्हणून पण आपल्याला वकील मिळतो. भाषा सरकारी नको. विधी सहाय्य, पात्र लाभार्थी, असलं काही नको, लोकं वाचत नाहीत. फुकट वकील म्हणा सरळ.

दुसरं, एखादा नवीन बातमीदार दुपारी रिमांडच्या वेळी कोर्टात बसवा. गाजलेल्या खुनाच्या केसला तुम्ही पाठवताच, तसं नको, साध्या दिवशी. बेड्या घालून कोण येतं, कुणाचा वकील आहे कुणाचा नाही, जज्जसाहेबांनी वकील आहे का विचारल्यावर माणूस कसा इकडं तिकडं बघतो, हे त्याला एकदा बघू द्या. शहाजी लॉ कॉलेजची पोरं पण बरोबर पाठवता आली तर बरंच, नाहीतरी ती कँटीनलाच असतात.

आणि बेंचवर पुरवणी काढणार असाल तर त्यात मोठमोठ्या वकिलांच्या मुलाखती असतीलच, त्यांच्या रांगेत एक पान पॅनेलवरच्या वकिलांना द्या. आमच्या साहेबांना भेटायचं असेल तर मुलाखत म्हणू नका, नाही म्हणतील. संध्याकाळी सहानंतर रंकाळ्यावर फिरतात, संध्यामठाच्या बाजूला एका ठराविक बाकड्यावर टेकतात. हातात काळी रेक्झिनची पिशवी असते, चेन तुटलेली, तिला सुतळी बांधली आहे. एखादा कागद दाखवा आणि म्हणा, साहेब जरा बघता का. मग उठणार नाहीत.

आपला,
एक रिटायर्ड क्लार्क
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता.क. पाचशे रुपयांच्या त्या पोस्टाच्या पासबुकाचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. ती पोरगी आता नर्स आहे, मागच्या महिन्यात पासबुक घेऊन साहेबांकडं आली होती, हे पैसे कुणी भरलेत म्हणून विचारायला. साहेबांनी माझं नाव सांगितलं. मी साहेबांचं सांगितलं. तिनं पेढे दोघांना दिले.